दान की देणे? रॉकेलच्या डब्यापासून 'सामाजिक दायित्वा'पर्यंत

१.
केरोसीनला मराठीत दोन घरगुती नावे आहेत : रॉकेल आणि घासलेट. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले. पहिला 'रॉक ऑइल'चा अपभ्रंश, दुसरा 'गॅसलाइट'चा. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या गावात एकही तेलविहीर नाही, एकही तेलशुद्धीकरण कारखाना नाही. तरीही तिथल्या आजीच्या बोलण्यात हे दोन शब्द इतके मुरले आहेत की ते परके वाटत नाहीत. कंपनी गावात येण्याआधी तिचा माल येतो, आणि मालाबरोबर तिची भाषाही येते.

२.
आजचा धागा या मालाच्या मागे उभ्या असलेल्या कंपन्यांविषयी आहे. जगातील बड्या तेल कंपन्यांनी गरीब देशांत काय विकले, काय नेले आणि काय 'दिले', हे आपण पाहणार आहोत. हल्ली या देण्याला 'सीएसआर', म्हणजे सामाजिक दायित्व म्हणतात. माझे मत आरंभीच सांगतो. या शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, एक दान आणि दुसरे देणे. इतिहास वाचताना त्या वेगळ्या केल्या नाहीत तर आपण कर्जफेडीलाच औदार्य समजून टाळ्या वाजवत राहू.

३.
फरक साधा आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीने होते; किती द्यायचे, कोणाला द्यायचे, केव्हा थांबायचे हे दाताच ठरवतो. देणे हे ऋण असते; त्याची रक्कम घेणेकऱ्याच्या हक्कावरून ठरते आणि ते न फेडल्यास दाद मागता येते. सावकारी पाहिलेल्या विदर्भाला हा भेद शिकवायला नको. सावकाराने देवळाला घंटा वाहिली म्हणून त्याच्या वहीतील चुकीची बेरीज बरोबर ठरत नाही.

४.
आता मागे जाऊ. रॉकेल येण्यापूर्वी आपल्याकडे दिवा जळत असे तो एरंडी, करंज, जवस यांच्या तेलावर. तेल गावात पिकत होते, तेलघाण्यावर गाळले जात होते, आणि दिव्याचा पैसा बहुतांशी गावातच फिरत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून केरोसीन येऊ लागले. ते स्वस्त होते, त्याची ज्योत प्रखर होती. आधी अमेरिकन आणि मग रशियन तेलाने हिंदुस्थानची बाजारपेठ भरली. कापूस बाहेर नेण्यासाठी पसरलेल्या रेल्वेच्या जाळ्यानेच रॉकेल आत आणले. यवतमाळपर्यंत आलेली किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज आठवा. ती कापसासाठी होती, पण कोणताही रूळ एकाच दिशेने चालत नाही.

५.
या व्यापारातला एक किस्सा फार बोलका आहे. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी पत्र्याच्या डब्यांत तेल पाठवी, दोन डबे एका लाकडी खोक्यात. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी वेगळी युक्ती काढली : तेल डब्यांत न भरता जहाजाच्या टाकीतच भरायचे. १८९२ मध्ये त्यांचे 'म्युरेक्स' हे जहाज असे तेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. पुढे जी शेल कंपनी झाली तिची ही सुरुवात.

६.
वाहतूक स्वस्त झाली, पण एक अडचण उभी राहिली. आशियातील गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता! रिकाम्या डब्यातून पाणी भरता येई, धान्य साठवता येई, पत्रा कापून छप्पर शाकारता येई. स्टँडर्डचे डबे निळे होते. सॅम्युअल यांनी मग पूर्वेकडेच पत्रा पाठवून लाल डबे करवून घेतले, आणि बाजार त्यांच्याकडे वळला. लोकांनी डब्याचा जो उपयोग केला तो कोणत्याही कंपनीच्या परोपकारातून आला नव्हता. तो गरिबाच्या काटकसरीतून आला होता. कंपनीने ती काटकसर ओळखली आणि तिचा व्यापार केला, एवढेच.

७.
चीनमध्ये स्टँडर्ड ऑइल याच्याही पुढे गेली. तिने 'मेई फू' नावाचे छोटे दिवे अत्यल्प किमतीत विकले, काही वेळा फुकटही वाटले. दिवा घरात आला की तेल घ्यावेच लागते. ही भेट होती की विक्री? दोन्ही होती, आणि म्हणूनच ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. घेणाऱ्याला खरोखर उजेड मिळाला. देणाऱ्याला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे या धाग्यात हाच दिवा वेगळ्या रूपात पुन्हा भेटेल.

८.
आता एक घटना, जी हिंदुस्थानच्या खेड्यातून सुरू होऊन स्कॉटलंडच्या गढीत संपते. १९२७ मध्ये न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल रशियन केरोसीन विकत घेऊन हिंदुस्थानात विकू लागली. बोल्शेविक सरकारने शेलची बाकूमधील मालमत्ता जप्त केलेली असल्याने शेलचे प्रमुख हेन्री डेटरडिंग संतापले. त्यांनी हिंदुस्थानच्या बाजारात दर पाडले आणि दरयुद्ध पेटले. त्याचा वणवा पुढे जगभर पसरू लागला.

९.
तो विझवण्यासाठी १९२८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील अ‍ॅकनाकॅरी येथील गढीत तीन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख जमले : शेलचे डेटरडिंग, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन. बाहेर शिकारीचा मोसम आणि आत जगाच्या बाजाराची वाटणी! १७ सप्टेंबर १९२८ च्या कराराने ठरले की ज्याचा बाजारात जितका वाटा आहे तितकाच त्याने राखावा. किंमत अमेरिकेच्या मेक्सिको आखाताकाठच्या दरात तिथपासूनचे भाडे मिळवून धरावी, मग तेल प्रत्यक्षात शेजारच्या इराणातून का आलेले असेना.

१०.
त्याच १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेलची एशियाटिक पेट्रोलियम यांनी मिळून हिंदुस्थानसाठी बर्मा-शेल ही कंपनी उभी केली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तेल कंपनी म्हटले की हेच नाव आठवे. एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या दरयुद्धात हिंदुस्थानी गिऱ्हाइकाला क्षणभर स्वस्त तेल मिळाले, त्याचा शेवट करणाऱ्या बैठकीत त्या गिऱ्हाइकाला खुर्ची नव्हती. पुढे कंपनीने त्याच गिऱ्हाइकासाठी काय-काय केले याचा हिशेब मांडताना ही रिकामी खुर्ची विसरता येत नाही.

११.
याला प्रतिप्रश्न कोणी विचारला का? होय, आणि तो कळंबच्या अगदी जवळ विचारला गेला. कळंबहून देवळीमार्गे वर्ध्याला जाणारा रस्ता आपल्यातील अनेकांच्या पायाखालचा आहे. त्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ नंतर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालले. त्याचे सूत्रधार होते अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. तिथे 'मगन दीप' नावाचा एक दिवा तयार झाला. तो रॉकेलवर नव्हे, वनस्पती तेलावर जळे. गावचे तेल, गावचा दिवा, गावचा पैसा.

१२.
मगन दीप बाजारात रॉकेलला हरवू शकला नाही, हे मान्य केले पाहिजे. रॉकेल स्वस्त होते आणि विक्रीची यंत्रणा प्रचंड होती. पण दिवा हरला म्हणून त्यामागचा प्रश्न हरत नाही. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या १९४५ च्या पुस्तकात कुमारप्पांनी दोन अर्थव्यवस्था सांगितल्या. एक साठ्यावर जगणारी, कोळसा आणि खनिज तेल उपसणारी. दुसरी प्रवाहावर जगणारी, जे दरवर्षी उगवते त्यावर चालणारी. साठा संपत जातो तसतसा तो ताब्यात ठेवण्यासाठी संघर्ष वाढतो, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

१३.
तिथून जवळच सेवाग्राम. गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना या चर्चेत वारंवार उद्धृत केली जाते, आणि सामाजिक दायित्वाच्या पत्रकांतही ती हटकून येते. पण तिचा अर्थ बहुधा उलटा लावला जातो. विश्वस्त म्हणजे दाता नव्हे. जी संपत्ती मुळात आपली नाही ती सांभाळणारा तो विश्वस्त. त्याने हिशेब द्यायचा असतो. मंदिराचा विश्वस्त देवस्थानच्या पेटीतून भंडारा घालतो तेव्हा आपण त्याला अन्नदाता म्हणत नाही. म्हणजे गांधीजींच्या कल्पनेत धनिकाने समाजाला द्यायचे ते देणे आहे, दान नाही.

१४.
आता बर्मा-शेलच्या चांगल्या कामाकडे वळू, कारण ते होते. १९४१ मध्ये बर्मा-शेलसाठी 'टिन्स फॉर इंडिया' हा छोटा माहितीपट तयार झाला. दिग्दर्शक होते तरुण बिमल रॉय. विषय अर्थातच रॉकेलचा डबा! स्वातंत्र्यानंतर जेम्स बेव्हरिज यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या चित्रपट विभागाने भारतीय खेड्यांवर माहितीपट काढले. फली बिलिमोरिया यांचा 'अ व्हिलेज इन त्रावणकोर' त्यांपैकीच. इतिहासाच्या अभ्यासकाला हे चित्रपट आज मोलाचे वाटतात, आणि ते मोलाचे आहेतच.

१५.
पण त्याच दशकात कंपनी सरकारसमोर कोणत्या अटी ठेवत होती? १९५१ मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांनी मुंबईच्या तुर्भे-माहुल परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने उभारण्याचे करार केले. भांडवल आणि तंत्रज्ञान त्यांच्या हाती, गरज आपली. म्हणून सरकारने २५ वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली, औद्योगिक कायद्यातील काही तरतुदींतून सूट दिली, आयात शुल्काचे संरक्षण दिले आणि कच्चे तेल कुठून आणायचे याची मोकळीक दिली. पहिला कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला, दुसरा १९५५ मध्ये.

१६.
त्या मोकळिकीचा अर्थ १९६० मध्ये उघड झाला. सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी परदेशी कंपन्यांना ते शुद्ध करण्यास सांगितले. तिन्ही कंपन्यांनी नकार दिला. कारखाना भारतात, कामगार भारतीय, गरज भारताची. पण तेल कोणाचे गाळायचे हा निर्णय लंडन आणि न्यूयॉर्कचा. चित्रपटात खेड्याविषयी आस्था दाखवणारी कंपनी आणि हा नकार देणारी कंपनी एकच होती.

१७.
मग काय झाले? १७ ऑगस्ट १९६० रोजी 'उझगोरोड' हे सोव्हिएत जहाज तयार डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाऊ धक्क्याला लागले. ते उतरवून घेणारी इंडियन ऑइल कंपनी अवघ्या वर्षभरापूर्वी स्थापन झालेली सरकारी कंपनी होती. पर्याय दारात उभा राहताच परदेशी कंपन्या कच्च्या तेलाच्या दरात सवलत देऊ लागल्या. जे आर्जवाने मिळाले नाही ते पर्यायाने मिळाले. माझ्या मते या संपूर्ण इतिहासाचा हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

१८.
शेवटी १९७४ मध्ये एस्सोचा आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल व कॅलटेक्स यांचा भारतातील व्यवसाय सरकारने वाटाघाटी करून ताब्यात घेतला. एस्सो व कॅलटेक्समधून आजची हिंदुस्थान पेट्रोलियम, बर्मा-शेलमधून भारत पेट्रोलियम. आज विदर्भातल्या रस्त्यांवर जे पंप दिसतात त्यांच्या पाट्यांमागे ही वंशावळ आहे. 'परके गेले, आपले आले' असे म्हणून धागा इथेच संपवता आला असता. पण इतिहास इतका सोयीचा नसतो.

१९.
माहुलकडे पाहा. कारखाने आले तेव्हा तिथे कोळीवाडे होते, खाडी होती, मासेमारी होती. मालकी परदेशी होती तेव्हा धूर निघत होता, आणि मालकी राष्ट्राची झाल्यावरही वारा तोच राहिला. माहुल-आंबापाड्यातील रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असा निष्कर्ष लवादाने २०१५ मध्ये नोंदवला. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला. त्यांत हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन्ही होत्या.

२०.
या भरपाईची रक्कम हा कायदेशीर वादाचा विषय असू शकतो. परंतु तिचे स्वरूप ध्यानात घ्या. ही रक्कम आरोग्य शिबिरासारखी कंपनीच्या मर्जीने आलेली नाही. रहिवाशांनी मोजमाप मागितले, तज्ज्ञांनी हवेतील बाष्पे मोजली, न्यायासनाने आकडा सांगितला. हे देणे आहे. माहुलमध्ये कंपनीने शंभर शिबिरे घेतली तरी या रकमेतून एक रुपयाही वजा होऊ नये.

२१.
हाच खेळ परदेशात किती भीषण झाला, ते नायजेरियात दिसते. नायजर नदीच्या मुखप्रदेशात १९५६ मध्ये शेलला तेल सापडले. ओगोनी लोकांची शेते आणि ओढे गळतीने काळवंडले. लेखक केन सारो-विवा यांनी लढा उभारला; १० नोव्हेंबर १९९५ रोजी तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना आठ साथीदारांसह फाशी दिले. नातलगांनी अमेरिकेच्या न्यायालयात शेलवर दावा लावला. शेलने आरोप नाकारले. २००९ मध्ये, सुनावणीच्या तोंडावर, तिने १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि हे पाऊल मानवतेच्या भावनेतून उचलल्याचे सांगितले.

२२.
म्हणजे न्यायालयाच्या दारात दिलेला पैसाही दानाच्या पाकिटात घालून दिला गेला! दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी प्रदेशाचा अहवाल दिला. एका वस्तीत लोक पीत असलेल्या विहिरीच्या पाण्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. संपूर्ण स्वच्छतेला २५ ते ३० वर्षे लागतील आणि आरंभीच १०० कोटी डॉलर लागतील, असे अहवालाने सांगितले. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा : दीड कोटी आणि शंभर कोटी. दान आणि देणे यांतील अंतर इतके मोठे असू शकते.

२३.
भारताने यातून एक मार्ग काढला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. असे बंधन कायद्याने घालणाऱ्या पहिल्या देशांत आपण होतो. आणि एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, दुसऱ्या कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेले काम या २ टक्क्यांत धरता येत नाही. दान आणि देणे वेगळे आहेत, हे आपल्या नियमांनीच मान्य केले आहे.

२४.
तरी पळवाटा उरतातच, कारण रक्कम कायद्याने ठरली तरी निवड कंपनीच्याच हाती राहिली. उज्ज्वला योजनेपूर्वी सहा सरकारी तेल कंपन्यांच्या सामाजिक निधीतील काही वाटा एकत्र करून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना अनामत रकमेशिवाय गॅसजोडणी देण्याची व्यवस्था झाली. चुलीच्या धुरातून बाईची सुटका ही खरीच मोठी गोष्ट. पण सिलिंडर भरून घ्यायचा तो त्याच कंपन्यांकडून, पैसे मोजून. 'मेई फू' दिवा आठवला ना? उजेड खरा असतो. तरीही त्याला निखळ दान म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

२५.
दुसरे उदाहरण इतिहासप्रेमींना अधिक जवळचे वाटेल. पाच सरकारी तेल कंपन्यांनी मिळून १४६.८३ कोटी रुपये गुजरातमधील सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी सामाजिक दायित्व म्हणून दिले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात आक्षेप नोंदवला की हा खर्च वारसा-जतनाच्या व्याख्येत बसत नाही. सरदारांविषयीचा आदर हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न असा, की इंधनाचा पैसा गावोगावच्या पंपांवर गोळा होतो, मग तो कुठे खर्चावा हे ठरवताना गावाला कोण विचारते? कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतणाऱ्या कंपनीचा 'परिसर' कोणता? कळंब त्यात येते की नाही?

२६.
यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ती तेल कंपन्यांची गोष्ट नव्हती, कीटकनाशकांची होती. पण प्रश्नाचा साचा तोच. २०२० मध्ये बाधितांपैकी काहींनी थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. निकाल काहीही लागो, यवतमाळच्या शेतमजुराने कंपनीच्या दारी जाऊन मदत नव्हे, हिशेब मागितला, ही ऐतिहासिक घटना आहे.

२७.
यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. कंपनी म्हणजे सरकार नव्हे. तिने कर भरावा, कायदा पाळावा, बाकी शाळा-रुग्णालये ही शासनाची कामे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आपल्याकडे गावाचा रस्ता खचला की निवेदन घेऊन कंपनीकडे धावण्याची सवय लागते आहे. कळंबला चिंतामणी आहे. त्याच्या पायऱ्या उतरून मनातले मागणे मागावे. कंपनी चिंतामणी नव्हे, आणि आपण तिचे भक्त नव्हे. पण म्हणूनच उरलेला अर्धा भाग अधिक ठामपणे म्हणतो : कंपनीकडे उपकार मागू नका, तिच्यावर असलेले देणे मोजा.

२८.
हे मोजण्याची कसोटी आज कोकणात लागते आहे. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या रत्नागिरी जिल्ह्यातील नाणार येथील नियोजित अजस्र तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदार झाल्या. विरोधामुळे २०१९ मध्ये तिथले भूसंपादन रद्द झाले. मग बारसूचे नाव पुढे आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती-परीक्षणाच्या वेळी तिथे मोठे आंदोलन झाले. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. कोकणच्या कातळशिल्पांच्या ज्या गटाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत २०२२ मध्ये आले, त्यात बारसू आहे. रोजगार हवा हे कोकणी तरुणाचे म्हणणे खोटे नाही. पण करार होण्याआधी १९५१ चा करार वाचला पाहिजे : मोकळीक कोणाला, हमी कोणाला आणि खुर्ची कोणाला?

२९.
तेव्हा माझे म्हणणे तीन वाक्यांत. आधी कर, भाव, जमीन, हवा आणि पाणी यांचे देणे पूर्ण फेडले जावे आणि ते जाहीर व्हावे. त्यानंतर कंपनी जे स्वखुशीने करील त्याला दान म्हणावे, आणि त्याचे मनापासून कौतुकही करावे. आणि या दोन वह्या कधीही एकत्र होऊ देऊ नयेत, मग कंपनी लंडनची असो, रियाधची असो की आपल्याच सरकारची.

३०.
शेवटी, हा धागा केवळ वाचून पुढे सरकू नका. थोडे काम करा. आपल्या घरी, आजोळी, जुन्या दुकानाच्या माळ्यावर बर्मा-शेल, एस्सो किंवा कॅलटेक्सचा डबा, कंदील, पाटी उरली असेल तर तिचे छायाचित्र काढा आणि ती कुठून आली ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. रॉकेलच्या रांगेची, चिमणीखाली केलेल्या अभ्यासाची आठवण नोंदवा. आणि तेल कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुले असतात. त्यातील सामाजिक दायित्वाची यादी उघडून आपला जिल्हा कुठे आहे ते शोधा. जुना डबा आणि नवा अहवाल ही दोन्ही इतिहासाचीच साधने आहेत. ती शेजारी ठेवून वाचणारी पिढी आपण व्हावी, एवढीच इच्छा.

आपल्या भागातील माहिती, छायाचित्रे आणि मतभेदही खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.